१२० वरून ५०: 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या लेव्हल-कपातीचे प्रकरण

१३ ऑक्टोबर २०२० रोजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमच्या अमेरिकेतल्या सर्व्हरवर ९.०.१ हा पॅच (गेममधला मोठा बदल) बसला. आदल्या दिवशी १२० व्या लेव्हलवर असलेली प्रत्येक कॅरेक्टर ५० वर आली. कोणाचे गिअर (शस्त्रे-चिलखत) गेले नाही, की कोणाचा घोडा गेला नाही, पण सोळा वर्षांत चढवत नेलेला आकडा निम्म्याहूनही खाली आला. चालू गेममध्ये, लाखो कॅरेक्टरांवर एकाच वेळी इतकी मोठी कपात करणे ही जोखीमच. ती का घेतली गेली, कशी पार पडली, कुठे जमली आणि मूळ दुखणे का राहिले, याची ही मांडणी. लेव्हलिंगची पद्धत आखणाऱ्या कोणालाही ती उपयोगी पडेल.

पार्श्वभूमी

गेम २३ नोव्हेंबर २००४ रोजी आला तेव्हा लेव्हलची मर्यादा ६० होती. पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला ४०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागायचा. बरोबरीच्या लेव्हलचा मॉब (गेमच चालवतो तो शत्रू) मारला की मिळणाऱ्या एक्सपीचे सूत्र सोपे होते: लेव्हल गुणिले ५, अधिक ४५. म्हणजे पहिल्या लेव्हलवर एका मॉबचे ५० एक्सपी, आणि ८ मॉब मारले की दुसरी लेव्हल. ५९ वरून ६० वर जायला २,०९,८०० एक्सपी लागायचा आणि एक मॉब ३४० द्यायचा, म्हणजे नुसते मॉब मारून जायचे तर ६१८. अर्थात क्वेस्टमुळे (नेमून दिलेल्या कामगिऱ्यांमुळे) हा आकडा प्रत्यक्षात बराच खाली यायचा. शिवाय विश्रांतीचा बोनस होता. सरायीत किंवा शहरात लॉग-आउट केले की दर ८ तासांना लेव्हलच्या ५ टक्के इतका 'रेस्टेड' एक्सपी साठायचा, जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत. तो असेपर्यंत मॉबचा एक्सपी दुप्पट, म्हणजे ६१८ चे ३०९.

हा चढ कष्टाचा होता, पण रिकामा नव्हता. १० व्या लेव्हलपासून प्रत्येक लेव्हलला एक टॅलेंट पॉइंट मिळायचा, ६० पर्यंत एकूण ५१. एक पॉइंट टाकला की एखाद्या मंत्राचा परिणाम एक-दोन टक्क्यांनीच वाढायचा, पण लेव्हल चढल्याचे काहीतरी हाती लागायचे. त्याखेरीज दर दोन लेव्हलला ट्रेनरकडे नवे मंत्र शिकायला जावे लागे.

पुढे प्रत्येक एक्स्पान्शनने, म्हणजे वेगळ्या विकल्या जाणाऱ्या नव्या भागाने, मर्यादा वाढवली: २००७ मध्ये ७०, २००८ मध्ये ८०, २०१० मध्ये ८५, २०१२ मध्ये ९०, २०१४ मध्ये १००, २०१६ मध्ये ११० आणि २०१८ मध्ये १२०. एक्स्पान्शन विकत घेतले की चढायला पाच-दहा नव्या लेव्हली, हा शिरस्ताच पडला.

अडचण

पहिली अडचण नव्या खेळाडूची. २०१९ मध्ये गेम सुरू करणाऱ्याला मित्रांबरोबर रेडमध्ये (मोठ्या गटाने लढायच्या मोहिमेत) जायचे असेल तर आधी १२० लेव्हली चढाव्या लागत. त्यावर ठिगळे लावून झाली होती. नोव्हेंबर २००७ च्या २.३ पॅचने २० ते ६० चा टप्पा जलद केला. २००८ मध्ये आलेल्या 'एअरलूम' गिअरने एक्सपी वाढवून दिला. २०१४ मध्ये ६० डॉलरला थेट ९० वी लेव्हल विकत मिळू लागली. स्वतःच्या गेमचा मोठा भाग न खेळण्यासाठी लोक पैसे मोजत आहेत, हीच खरी धोक्याची खूण होती.

दुसरी अडचण कथेची. चढ जलद केल्यावर एखाद्या प्रदेशाची कथा अर्धी होईपर्यंत खेळाडू त्या प्रदेशाच्या लेव्हलच्या पुढे निघून जाई. मॉब हिरवे, मग राखाडी होत (खेळाडूच्या मानाने मॉब किती खालचा ते दाखवणारे रंग) आणि एक्सपी आटत जाई. जानेवारी २०१८ च्या ७.३.५ पॅचने जुन्या प्रदेशांना स्केलिंग दिले, म्हणजे मॉबची लेव्हल खेळाडूबरोबर वाढू लागली. मूळ खंड ६० पर्यंत, पहिल्या दोन एक्स्पान्शनांचे आउटलँड आणि नॉर्थरेंड ८० पर्यंत, असे पट्टे आखले. कथा पुरी करता येऊ लागली, पण मॉब चिवट झाले आणि लेव्हलिंग फार रेंगाळते अशी ओरड सुरू झाली. एक गाठ सोडवताना दुसरी बसली.

तिसरी अडचण या प्रकरणाच्या गाभ्याची आहे. २०१२ पासून टॅलेंटची जुनी झाडे जाऊन दर १५ लेव्हलला एक निवड आली: १५, ३०, ४५, ६०, ७५, ९०. सातवी निवड १०० ला. तिथून १२० पर्यंत या रांगेत नवे काहीच नाही. लेव्हल चढली, सोनेरी झोत उठला, आवाज आला, हातात काय? काही नाही.

उलट हातचे जाई. ११० वरून १२० चढतानाचे चित्र जवळून पाहा. क्रिटसारख्या (फटका जास्त जोराने बसण्याची शक्यता) दुय्यम गुणांचे 'रेटिंग' असते आणि लेव्हल वाढली की एका टक्क्यासाठी जास्त रेटिंग लागते. १२० ला क्रिटच्या एका टक्क्याला ७२ रेटिंग लागे. खेळाडू ११० ला उत्तम गिअर घालून निघाला असेल, तर प्रत्येक लेव्हलला त्याच गिअरमधून त्याला कमी टक्के मिळत. समोरचे मॉब मात्र स्केलिंगमुळे त्याच्याबरोबर वाढत. ११६ ला तर आधीच्या एक्स्पान्शनमधल्या लेजेंडरी वस्तूंचे परिणाम बंदच पडत. ११० चा खेळाडू जो मॉब चार फटक्यांत आडवा करी, त्यालाच ११८ ला सात फटके लागत असल्याचे जाणवे. लेव्हल चढणे म्हणजे दुबळे होणे, अशी उलटी गंगा वाहू लागली. रोल-प्लेइंग गेममध्ये यापेक्षा वाईट चूक क्वचितच असेल.

समोरचे पर्याय

गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीच्या बैठकींत काय चर्चा झाली ते बाहेरच्यांना दिसत नाही. पण या क्षेत्रात तोवर कोणकोणत्या वाटा चोखाळल्या गेल्या होत्या, ते उघड आहे.

सर्वांत स्वस्त वाट एक्सपी वाढवण्याची. तिची चाचणी नकळत होऊनही गेली. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात सगळ्यांना १०० टक्के जादा एक्सपी दिला गेला आणि तो कपातीच्या पॅचपर्यंत चालू राहिला. लेव्हलिंग दुप्पट जलद झाले, लोकांनी भराभर दुसरी-तिसरी कॅरेक्टर वर नेली. पण रिकाम्या लेव्हली रिकाम्याच राहिल्या, फक्त लवकर संपल्या. वेग हे वेळेवरचे औषध आहे, अर्थहीनतेवर ते लागू पडत नाही.

दुसरी वाट 'गिल्ड वॉर्स २' ची. २०१२ पासून तिथली मर्यादा ८० वरच आहे. ऑक्टोबर २०१५ च्या पहिल्या एक्स्पान्शनमध्ये लेव्हल न वाढवता 'मास्टरी' आणल्या: ग्लायडर उडवणे, त्या प्रदेशात उपयोगी पडणारी कौशल्ये. ८० चा खेळाडू खालच्या प्रदेशात गेला की त्याची ताकद तिथल्या लेव्हलला उतरते. जुना प्रदेश टाकाऊ होत नाही, जुने गिअर वाया जात नाही. मला ही रचना या सगळ्यांत सर्वांत विचारपूर्वक वाटते. पण ती पहिल्या दिवसापासून पाळली तर सोपी. नव्या लेव्हली आणि नव्या गिअरची चौदा वर्षे सवय लागलेल्या खेळाडूंना ती एकदम देणे कठीण होते.

तिसरी वाट 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' ने ऑक्टोबर २०१६ मध्ये घेतली: सगळा नकाशा सगळ्यांना खुला, कोणी कुठेही जावे, जग त्याच्या मापाचे होईल. यात नवा आणि जुना मित्र पहिल्याच दिवशी बरोबर खेळू शकतात. तोटा असा की वर चढल्याची जाणीव बोथट होते, कारण ज्या लांडग्याने पहिल्या दिवशी पळवून लावले त्याला मागे जाऊन लोळवण्याची मजा उरत नाही. ११० ते १२० मधली तक्रार मुळात हीच होती, त्यामुळे स्केलिंग आणखी वाढवणे आगीत तेल ठरले असते.

लेव्हल ही कल्पनाच वेगळी धरणारेही गेम आहेत. 'ईव्ह ऑनलाइन' मध्ये २००३ पासून कौशल्ये घड्याळाच्या वेळेनुसार शिकली जातात, तुम्ही लॉग-इन असा वा नसा. 'ओल्ड स्कूल रूनस्केप' मध्ये प्रत्येक कौशल्याची ९९ पर्यंत वेगळी चढण आहे. ९९ ला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो आणि त्याचा अर्धा टप्पा ९२ व्या लेव्हलवर येतो. तिथल्या खेळाडूंना हा खडा चढ प्रिय आहे, कारण एक ९९ म्हणजे एका कौशल्याचा मान, साऱ्या गेमचे प्रवेशद्वार नव्हे. एकाच कॅरेक्टर-लेव्हलवर उभा असलेला गेम असा मधेच पालटता येत नाही.

उरली शेवटची वाट: आकडा दाबणे. गिअर आणि गुणांचे आकडे आधी २०१४ आणि २०१८ मध्ये दाबले गेलेच होते. त्यामागे तांत्रिक कारणही होते: ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या वर जाता येत नाही आणि मोठ्या बॉसचे आरोग्य त्या कुंपणाला टेकू लागले होते. लेव्हलला मात्र तोवर कोणी हात लावला नव्हता.

निर्णय आणि अंमलबजावणी

नोव्हेंबर २०१९ च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे कंपनीच्या मेळाव्यात, 'शॅडोलँड्स' या पुढच्या एक्स्पान्शनबरोबर ही कपात जाहीर झाली. १ ते १० नव्या 'एग्झाइल्स रीच' बेटावर, १० ते ५० कोणत्याही एका जुन्या एक्स्पान्शनमध्ये, ५० ते ६० शॅडोलँड्समध्ये. मर्यादा पुन्हा ६०, पहिल्या गेमइतकीच.

पहिला निर्णायक टप्पा: जुने १२० नव्या ५० वर बसवायचे कसे? ११९ पायऱ्यांच्या ४९ झाल्या, म्हणजे सरासरी प्रत्येक नव्या लेव्हलमध्ये जवळपास अडीच जुन्या लेव्हली. अशा रूपांतरात परतीची वाट नसते. शेजारच्या दोन-तीन लेव्हलींची कॅरेक्टर एकाच आकड्यावर आली की पुन्हा वेगळी काढता येत नाहीत. म्हणून असे बदल करताना फक्त खेळाडूंच्या लेव्हलचा तक्ता पुरत नाही. मॉब, क्वेस्ट मिळण्याची किमान लेव्हल, गिअर घालायची लेव्हल, डंजनच्या (छोट्या गटाच्या मोहिमांच्या) रांगेचे पट्टे, पीव्हीपीचे (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढतींचे) गट, अचिव्हमेंट, अशी जिथे जिथे लेव्हल लिहिली आहे ती प्रत्येक जागा शोधावी लागते. सर्वांत दगा देतात ते फरकावर चालणारे नियम. जुन्या रेडमध्ये एकट्याने जाणाऱ्यांना मिळणाऱ्या सवलती 'रेडपेक्षा इतक्या लेव्हलने वर' अशा हिशोबावर बेतलेल्या होत्या. दहाचा फरक चारचा झाला की तो नियम मूकपणे बंद पडतो, आणि मागच्या महिन्यात एकट्याने सहज मारलेला बॉस अंगावर येतो. त्यामुळे हे नियम नव्याने लिहावे लागले.

दुसरा टप्पा: प्रत्येक लेव्हलमध्ये काय भरायचे? टॅलेंटच्या सात निवडी १५, २५, ३०, ३५, ४०, ४५ आणि ५० ला बसवल्या. मधल्या जागा मंत्र, त्यांच्या वरच्या पायऱ्या, स्वारी अशा गोष्टींनी भरल्या. मंत्र तेच, पण १२० ऐवजी ५० घरांत वाटल्यामुळे क्वचितच एखादे घर रिकामे राहिले. कपातीचा खरा लाभ हा होता. एअरलूमचा एक्सपी बोनसही काढला. त्याऐवजी दोन वस्तू घातल्या की रेस्टेड एक्सपी ३० टक्के हळू खर्च होतो, अशी सोय आली. घाईचे साधन न घेताही चढ बेताचा वाटावा, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

तिसरा टप्पा: कोणते जुने एक्स्पान्शन? जुन्या खेळाडूंना राजधानीतल्या क्रोमी या पात्राकडे जाऊन काळ, म्हणजे जुने एक्स्पान्शन, निवडता आला. निवडलेले संपूर्ण एक्स्पान्शन १० ते ५० पर्यंत स्केल होई, त्यामुळे कथा अर्ध्यात सोडून पुढच्या खंडात पळण्याची सक्ती संपली. अगदी नव्या खेळाडूला मात्र निवड नव्हती. एग्झाइल्स रीचवरून त्याला थेट २०१८ च्या 'बॅटल फॉर ॲझेरॉथ' मध्ये पाठवले जाई.

शॅडोलँड्स २७ ऑक्टोबरला यायचे होते, ते पुढे ढकलून २३ नोव्हेंबर २०२० ला आले, गेमच्या सोळाव्या वाढदिवशी. पॅच मात्र आधीच बसला होता, त्यामुळे जवळपास सहा आठवडे सगळे ५० वर थांबले. हा उशीर फायद्याचाच ठरला. इतका मोठा बदल आणि नवी कथा एकाच दिवशी आली असती तर कोणती चूक कशामुळे झाली हे उलगडणे कठीण गेले असते.

काय घडले

लोक आकड्यावरून चिडतील, ही भीती होती. थोडे चिडलेही, पण आठवडाभरात तो विषय मागे पडला. कारण सरळ आहे: सगळ्यांचा आकडा एकाच प्रमाणात उतरला आणि कोणाचा क्रम बदलला नाही. लाखांत दिसणारे आरोग्य हजारांत दिसू लागले आणि लढाईतले आकडे पुन्हा डोळ्यांनी वाचता येऊ लागले. दुसरे, तिसरे कॅरेक्टर काढणे सुसह्य झाले. नव्या खेळाडूसाठी एग्झाइल्स रीच तर फारच चांगले उतरले. दहा लेव्हलींत चालणे, लढणे, आपल्या क्लासचा (योद्धा, जादूगार अशा प्रकाराचा) खास मंत्र आणि शेवटी एक छोटे डंजन. पहिल्या दोन तासांत गट म्हणून खेळायला शिकवणारी सुरुवात या गेममध्ये आधी नव्हती.

एक्स्पान्शनच्या पहिल्या दिवशी ३७ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. पण त्याचे श्रेय कपातीला देणे चूक ठरेल. विक्री नव्या एक्स्पान्शनच्या उत्सुकतेची होती.

खटकल्या त्या गोष्टीही ठळक आहेत. ५० होताच क्रोमीचा काळ संपे आणि खेळाडूला राजधानीत परत आणले जाई. २०१२ च्या पँडारिया एक्स्पान्शनच्या कथेचा शेवटचा अंक चालू असताना पडदा पाडल्यासारखे ते होई. नवा खेळाडू बॅटल फॉर ॲझेरॉथच्या मधूनच शॅडोलँड्समध्ये, म्हणजे मृतांच्या लोकात पोहोचे. ज्यांच्यासाठी तिथे जायचे त्या पात्रांना तो ओळखतही नसे.

सर्वांत मोठी गोष्ट ६० व्या लेव्हलनंतरची. चढ तिथे संपला नाही, त्याचे नाव 'रिनाउन' झाले. सुरुवातीला ४० पायऱ्या होत्या, पुढे २०२१ च्या ९.१ पॅचमध्ये त्या ८० झाल्या. ६० च्या आत जे हलके केले ते ६० च्या पलीकडे प्रत्येक कॅरेक्टरच्या डोक्यावर पुन्हा लादले गेले. त्याच वर्षी ९.१.५ पॅचमध्ये दुसऱ्या कॅरेक्टरला थेट ४० व्या रिनाउनवर नेण्याची सोय द्यावी लागली. ६० डॉलरच्या बूस्टची आठवण यावी इतके ते साम्य होते.

याच काळातले दुसरे टोक विसरू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कंपनीने 'क्लासिक' आवृत्ती आणली होती: तीच ६० ची मर्यादा, तोच २,०९,८०० चा शेवटचा टप्पा. पहिल्याच आठवड्यात लोकांनी सर्व्हरसमोर रांगा लावल्या. म्हणजे मंद लेव्हलिंग लोकांना नको होते असे नाही. पोहोचण्याची घाई असलेल्या गेममधले मंद लेव्हलिंग त्यांना नको होते.

वेगळे काय करता आले असते

पहिले, कथा संपेपर्यंत थांबू देणे. लेव्हल ५० झाली तरी चालू अंक पूर्ण होईपर्यंत क्रोमीचा काळ उघडा ठेवता आला असता, एक्सपी थांबवून. पुढे २०२२ च्या 'ड्रॅगनफ्लाइट' एक्स्पान्शनमध्ये क्रोमीच्या काळाची वरची मर्यादा ६० केली गेली, पण तोडगा आकडा सरकवण्याचाच राहिला. आकड्याऐवजी कथेचा टप्पा ही अट ठेवली असती तर दर एक्स्पान्शनला ती सरकवावी लागली नसती.

दुसरे, रेटिंगचा उतार. शॅडोलँड्समध्ये ६० ला क्रिटच्या एका टक्क्याला ३५ रेटिंग ठरले, पण लेव्हल चढताना टक्का घसरण्याची पद्धत तशीच राहिली. दहा लेव्हलींच्या टप्प्यात रेटिंगचा भाव स्थिर ठेवून शेवटच्या लेव्हलवर एकदाच बदलता आला असता. चढताना तरी माणूस वर जात राहिला असता. कोणी नवी पद्धत आखत असेल तर त्याने एक साधा तक्ता करावा: प्रत्येक लेव्हलसमोर लागणारी मिनिटे, मिळणारी गोष्ट, आणि त्याच गिअरमध्ये बरोबरीचा मॉब मारायला लागणारे फटके. तिसऱ्या रकान्यातला आकडा चढत गेला की रचना उलटी झाली, मग एक्सपीचा कितीही बारीक हिशोब करा.

तिसरे, मर्यादा वाढवण्याचा शिरस्ता. कपातीच्या वेळी सगळे लक्ष आधी साठलेल्या १२० वर होते. ते पुन्हा साठणार नाहीत याची व्यवस्था केली गेली नाही. ६० वर थांबून पुढच्या एक्स्पान्शनमध्ये गिल्ड वॉर्सच्या मास्टरीसारखे काही देण्याची याहून योग्य वेळ पुन्हा मिळणार नव्हती, कारण आकडा बदलला तरी लोक सहन करतात हे तेव्हा नुकतेच सिद्ध झाले होते. ड्रॅगनफ्लाइटने टॅलेंटची झाडे परत आणली, ७० पर्यंत ६१ पॉइंट दिले आणि लेव्हली पुन्हा भरल्या, हे त्यांचे फार चांगले काम. पण मर्यादा २०२२ मध्ये ७० झाली, २०२४ मध्ये ८०, आणि त्यापुढच्या 'मिडनाइट' साठी ९० जाहीर झाली. २०१२ मध्ये पँडारिया आले तेव्हाची मर्यादाही ९० च होती.